कामाच्या जागेचा वास्तुकार: अच्युत कानविंदे

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून सळईने भरलेले ट्रक दिवसरात्र बाहेर पडत असतात. मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतींपासून परतूरच्या एखाद्या दुमजली घरापर्यंत, कुठेही स्लॅब पडत असला तरी त्यात जालन्याचे लोखंड असू शकते. या जिल्ह्याने बांधकामाला एवढे दिले. पण त्या लोखंडातून उभी राहणारी इमारत कशी रचावी, उन्हात ती कशी वागेल, आत काम करणाऱ्याला तिचा किती आधार वाटेल, याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. हे प्रश्न ज्यांनी जन्मभर हाताळले ते अच्युत पुरुषोत्तम कानविंदे मराठी होते. अहमदाबाद, कानपूर आणि दिल्लीत वास्तुकलेचे विद्यार्थी त्यांच्या इमारतींचा अभ्यास करतात. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव क्वचितच कानावर येते, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

९ फेब्रुवारी १९१६ रोजी कोकणातल्या आचरा गावी त्यांचा जन्म झाला. आचरा आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. जालना आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे १ मे १९८१ या एकाच दिवशी अस्तित्वात आले, एवढा धागा जालनेकरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. अच्युत दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. मोठ्या गोतावळ्यात ते वाढले. वडील मुंबईत कलाशिक्षक होते, व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे काढत. चित्रकलेची ओढ घरातूनच आली आणि १९३५ मध्ये हा मुलगा सर ज. जी. कलाशाळेच्या वास्तुकला विभागात दाखल झाला.

तिथे क्लॉड बॅटली हे इंग्रज वास्तुकार विभागप्रमुख होते. जुन्या भारतीय इमारती प्रत्यक्ष मोजून त्यांचे आराखडे काढायला ते विद्यार्थ्यांना लावत. हातात टेप घेऊन जुना वाडा किंवा देऊळ मोजले की भिंतीची जाडी, ओसरीची खोली, चौकातली सावली या गोष्टी नुसत्या पाहून कळतात त्यापेक्षा फार खोल कळतात. कानविंदे १९४२ च्या सुमारास शिक्षण संपवून बाहेर पडले आणि नव्यानेच स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले. परिषदेचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागर तेव्हा देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभी करण्याच्या तयारीत होते. या प्रयोगशाळा बांधायच्या कशा, हे शिकून येण्यासाठी सरकारने कानविंदे यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठवले.

हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस शिकवत होते. १९१९ मध्ये जर्मनीत त्यांनी बाऊहाऊस ही कलाशाळा काढली होती. नाझींच्या दडपणाखाली ती १९३३ मध्ये बंद पडली, आणि ग्रोपियस १९३७ मध्ये अमेरिकेत पोहोचले. त्यांची शिकवण थोडक्यात सांगता येते. इमारतीचे रूप तिच्या वापरातून यावे. यंत्राने बनणाऱ्या सारख्या भागांचा शहाणपणाने उपयोग करावा. आणि वास्तुकाराने एकट्याने प्रतिभा दाखवण्यापेक्षा अभियंते, कारागीर आणि वापरणारे यांच्याबरोबर बसून काम करावे. त्याच वर्षांत आय. एम. पेई आणि पॉल रुडॉल्फ हेही तिथे शिकत होते. पुढे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासमोर काचेचा पिरॅमिड उभारला ते हेच पेई. कानविंदे मात्र १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, परत आले आणि प्रयोगशाळांच्या कामाला लागले.

प्रयोगशाळा ही फार अवघड इमारत असते, हे बाहेरून जाणवत नाही. प्रत्येक टेबलापर्यंत पाणी, वायू आणि वीज न्यावी लागते, सांडपाणी बाहेर काढावे लागते, विषारी धूर वर सोडावा लागतो. शिवाय आज जिथे एक संशोधक सूत तपासतो तिथे पाच वर्षांनी दुसराच प्रयोग चालणार असतो. म्हणजे भिंती हलवता आल्या पाहिजेत, पण नळ आणि नाल्या तशाच राहिल्या पाहिजेत. यावर उपाय म्हणजे ठरावीक अंतराची जाळी: खांब, खिडक्या, नळ सगळे एका मापात बसवायचे आणि त्या मापाच्या पटीत खोल्या लहानमोठ्या करायच्या. कानविंदे यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा कणा ही जाळीच आहे.

अहमदाबादच्या कापड गिरण्यांसाठी उभ्या राहिलेल्या अटिरा या संशोधन संस्थेची इमारत हे त्यांचे पहिले गाजलेले काम. या संस्थेमागे भौतिकशास्त्रज्ञ विक्रम साराभाई होते. साराभाईंच्याच भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची वास्तूही कानविंदे यांनी केली. दोन्ही वास्तू १९५४ पर्यंत उभ्या राहिल्या. ल कॉर्बूझिए या फ्रेंच वास्तुकाराचे चंदीगड अजून घडत होते, लुई कान यांची अहमदाबादची व्यवस्थापन संस्था तर पुढच्या दशकातली. नव्या भारताची आधुनिक वास्तुकला पाहुण्यांनी आणली, असे सर्रास लिहिले जाते. अटिराची इमारत त्याच्या विरोधातला ठोस पुरावा आहे. ती फार सुंदर आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यात शिस्त आहे, प्रकाश आहे, पण थोडा कोरडेपणाही आहे. हार्वर्डचा धडा नीट पाठ करून आलेल्या तरुणाचा तो कोरडेपणा आहे.

१९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर त्यांनी दिल्लीत स्वतःचे कार्यालय काढले. १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद भरवला, त्याच्या आयोजनात कानविंदे पुढे होते. पंतप्रधान नेहरू उद्घाटनाला आले आणि चंदीगडबद्दल सविस्तर बोलले. देश बारा वर्षांचा होता, आणि त्याच्या इमारती कशा असाव्यात हा विषय पंतप्रधानांच्या भाषणाचा होऊ शकत होता.

त्याच वर्षी कानपूरच्या आयआयटीचे काम सुरू झाले. संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, आणि आराखडा कानविंदे यांचा. उत्तरेतल्या त्या रखरखीत मैदानावर दोन मराठी माणसांनी मिळून एक विद्यानगरी उभी केली, हे आपल्या शाळांतून सांगितले गेले पाहिजे असे मला वाटते. सुरुवातीला वर्ग कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत भरत. कल्याणपूरजवळची सुमारे हजार एकर जागा मिळाल्यावर खरी आखणी झाली.

कानपूरचा मे-जून म्हणजे जालनेकराला ओळखीचा मामला: पारा चाळिशीच्या वर आणि अंग भाजणारी लू. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला वसतिगृहातून वर्गात, वर्गातून ग्रंथालयात, तिथून प्रयोगशाळेत दिवसातून किती वेळा जावे लागते, हा प्रश्न कानविंदे यांनी आधी घेतला. मोटारींचे रस्ते त्यांनी बाहेरच्या बाजूला ठेवले आणि मधला शैक्षणिक भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखला. ग्रंथालय, व्याख्यानगृहे, प्राध्यापकांच्या खोल्या आणि प्रयोगशाळा छत असलेल्या लांब मार्गिकांनी जोडल्या. काही मार्गिका वरच्या मजल्यावरून जातात, त्यामुळे खालच्या वाटेवर आपोआप सावली पडते. ग्रंथालय सगळ्यांच्या मध्ये. आज त्याला केळकरांचे नाव आहे.

बांधकामाची पद्धत साधी होती. काँक्रीटचे खांब आणि तुळया उघड्या, त्यांच्या मधल्या जागेत विटांचे काम. गिलावा नाही, रंग नाही. गंगेच्या खोऱ्यात वीट मुबलक, आणि लोखंड-सिमेंटची देशभर टंचाई. मग महागडे साहित्य फक्त वजन पेलण्यापुरते वापरायचे आणि बाकी भिंत स्थानिक मातीची करायची, हा हिशेब त्यात होता. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण पडला की तडकते. ताण घेण्यासाठी आत सळई लागते. उष्णतेने दोघेही जवळपास सारखेच प्रसरण पावतात, म्हणून उन्हाळे-हिवाळे काढूनही ती एकमेकांना सोडत नाहीत. कानपूरच्या त्या खांबांत हे गणित बाहेरूनच दिसते: कुठला भाग भार वाहतो आणि कुठला नुसता आडोसा आहे, हे शाळकरी पोरालाही बोटाने दाखवता येते. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. आपल्या बहुतेक इमारतींवर गिलावा आणि वर चकचकीत पत्र्याचे आवरण असते. आत काय आहे ते भूकंपातच कळते.

माझ्या मते कानविंदे यांची सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे एक दूध डेअरी. गुजरातेतल्या मेहसाणा इथली दूधसागर डेअरी १९७० ते ७३ या काळात त्यांनी उभी केली. त्या काळी धवलक्रांतीचा जोर होता. गावोगावच्या सहकारी संस्थांचे दूध रोज तिथे येई. दूध सुरक्षित करण्याची रूढ पद्धत म्हणजे ते साधारण ७२ अंशांपर्यंत पंधरा सेकंद तापवून लगेच चार अंशांच्या आसपास थंड करणे. म्हणजे एकाच छताखाली वाफ आणि बर्फाचे पाणी, सतत ओली जमीन, यंत्रांचा आवाज, आणि बाहेर उत्तर गुजरातचा उन्हाळा. अशा कारखान्यात माणसे आठ-आठ तास उभी असतात.

कानविंदे यांनी छतावर उंच हवामनोरे उभारले. गरम हवा हलकी होऊन वर चढते, मनोऱ्यातून बाहेर पडते, आणि तिची जागा घ्यायला खालून बाहेरची हवा आत ओढली जाते. मनोरा जितका उंच आणि आतबाहेरच्या तापमानात जितका फरक, तितका हा ओढा जोरकस. घराच्या धुराड्यात हेच घडते. फरक असा की इथे धुराडे लपवलेले नाही. ओळीने उभे असलेले ते काँक्रीटचे मनोरे दुरून दिसतात आणि तेच त्या डेअरीची ओळख झाले आहेत. किल्ल्याचे बुरूज असावेत तसे ते भारदस्त दिसतात, पण त्यांचा प्रत्येक कोन आणि प्रत्येक तोंड हवेच्या गरजेतून आले आहे. दूध काढणारी बाई, कॅन उचलणारा कामगार, यंत्रावरचा तंत्रज्ञ यांच्यासाठी देशातल्या एका अव्वल वास्तुकाराने सगळी प्रतिभा पणाला लावली, ही गोष्ट मला कुठल्याही विधानभवनापेक्षा मोठी वाटते.

या सुमारास त्यांच्या विचारातही बदल झाला होता. नुसता वापर आणि नुसते प्रमाणित माप पुरत नाही, माणसाला रेंगाळायला कोपरा लागतो, अंगण लागते, उजेडाचे वेगवेगळे पोत लागतात, हे त्यांनी मानले आणि बांधून दाखवले. आधीच्या चौकोनी ठोकळ्यांच्या जागी पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढणारी, कोपरे तिरके केलेली रूपे आली. जाळी मात्र सुटली नाही. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र याच काळातले. ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जालन्यातून मुंबईला जाणाऱ्या शाळेच्या सहलीत या केंद्राचा क्रम असतोच. म्हणजे आपली शेकडो मुले कानविंदे यांच्या इमारतीत फिरून आली आहेत, त्यांचे नाव न ऐकता. दिल्लीचे राष्ट्रीय विज्ञान केंद्रही त्यांचेच, १९९२ मध्ये सुरू झालेले. तिथे प्रेक्षक सरकत्या जिन्याने आधी वर जातो आणि मग एकेक दालन पाहत खाली उतरतो, त्यामुळे दमलेल्या मुलांना चढण चढावी लागत नाही.

कृषी विद्यापीठांच्या कामाचाही उल्लेख केला पाहिजे. बंगळूरचे कृषी विज्ञान विद्यापीठ त्यांनी आखले. १९६९ मध्ये जेम्स मिलर यांच्याबरोबर भारतातल्या विद्यापीठ-परिसरांच्या आखणीवर त्यांनी एक पुस्तक लिहिले. पुण्याच्या राष्ट्रीय विमा अकादमीचा परिसरही त्यांच्या कार्यालयाचा. १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी दिल्लीच्या इस्कॉन मंदिराचा आराखडा मानधन न घेता केला. ते १९९८ मध्ये खुले झाले. जन्मभर प्रयोगशाळा बांधणाऱ्या माणसाने देऊळ बांधावे याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. पण चौक, शिखरे आणि उजेड यांचा अभ्यास तर बॅटलींच्या वर्गापासून सुरू होता. २८ डिसेंबर २००२ रोजी ते गेले. २०१७ मध्ये ‘आकार’ नावाचा मोठा ग्रंथ त्यांच्या कामावर निघाला, तोही इंग्रजीत. मराठीत त्यांचे चांगले चरित्र व्हायला हवे.

उघड्या काँक्रीटबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती खरी आहे: पावसाने ते काळवंडते, शेवाळ धरते, आणि निगा राखली नाही तर आतले लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, आतून काँक्रीटला ढकलतो आणि पापुद्रे सुटू लागतात. त्या पिढीच्या अनेक इमारती आज या अवस्थेत आहेत. मग त्या पाडून टाकण्याचा विचार लवकर सुचतो. वास्तुकार राज रेवाल यांनी घडवलेले दिल्लीच्या प्रगती मैदानातले हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाले. वय जेमतेम पंचेचाळीस. पाचशे वर्षांच्या कमानीला आपण वारसा मानतो, पन्नास वर्षांच्या चांगल्या इमारतीला मानत नाही, आणि त्यामुळे मधल्या काळाचा इतिहासच आपल्या हातून निसटतो आहे.

जालन्यात आज नवे बांधकाम जोरात आहे. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ मध्ये इथे सुरू झाले, शाळा-महाविद्यालये, बियाणे कंपन्यांची कार्यालये, गोदामे, कारखान्यांच्या शेड वाढताहेत. या सगळ्या कामाच्या जागा आहेत, म्हणजे नेमका कानविंदे यांचा विषय. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जालन्याच्या अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणून इथे खरी लढाई भिंतीशी नसून छपराशी आहे. जुन्या माळवदाच्या घरात लाकडावर मातीचा जाड थर असे, दुपारचे ऊन त्यातून खाली झिरपायला रात्र होई, आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असे. चार-पाच इंचांचा स्लॅब मात्र संध्याकाळीच आत भाजायला लागतो. पत्र्याच्या शेडला तर तेवढाही वेळ लागत नाही. माळवदाकडे परत जा असे कोणी म्हणणार नाही. पण छपरावर उष्णतारोधक थर, पश्चिमेला खोल्यांऐवजी जिना किंवा कोठार, आणि शेडच्या माथ्यावर मेहसाण्यासारखी हवेची उंच तोंडे, एवढे आराखड्यात आधीच धरले तर खर्च फार वाढत नाही. नंतर जोडायचे म्हटले की पंखे, कूलर आणि विजेचे बिल यांतच सगळे जाते.

पश्चिमेचा मुद्दा थोडा उलगडून सांगतो, कारण तिथे बहुतेक घरांची चूक होते. छज्जा फक्त उंचावरून येणारे ऊन अडवतो. संध्याकाळचा सूर्य क्षितिजाजवळ असतो, त्याचे किरण छज्ज्याखालून सरळ खोलीत शिरतात. तिथे ओसरी, झाड किंवा उभी जाळी लागते. कोपऱ्यावरच्या दुकानाला रस्त्याकडे तोंड हवे हे मान्य, पण तोच रस्ता पश्चिमेला असेल तर पुढे आठ फुटांचा पडवीसारखा भाग सोडण्याची जुन्या बाजारपेठांची पद्धत आपण उगाच मोडली.

आणि लोखंडाच्या गावात राहणाऱ्यांनी तरी सळईच्या कव्हरकडे, म्हणजे तिला झाकणाऱ्या काँक्रीटच्या थराकडे, लक्ष द्यावे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या परिस्थितीत स्लॅबमध्ये सळईखाली किमान २० मिलिमीटर आणि खांबात ४० मिलिमीटर काँक्रीट असायला हवे. सेंट्रिंगच्या पाट्यांवर सळई नुसतीच टेकवली, कव्हर ब्लॉक लावले नाहीत, तर कितीही उत्तम टीएमटी सळई वापरली तरी दहा-पंधरा वर्षांत छताचे पापुद्रे पडायला लागतात. माल पडायच्या आदल्या संध्याकाळी मालकाने स्वतः स्लॅबवर चढून, दर दोन-तीन फुटांवर सळईखाली ब्लॉक आहे की नाही हे हाताने चाचपून पाहावे, आणि नसेल तिथे गवंड्याला तेव्हाच बसवायला लावावे.